आईवडिलांच्या व्हिसाचा हिशेब

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या खर्चाची यादी घरात महिनोन्‌महिने चालू असते. विद्यापीठाची फी, वसतिगृह, विमानाचं तिकीट, गरम कपडे. त्याला सोडायला आपण गेलो तर आपल्या व्हिसाला किती लागतील, हा प्रश्न मात्र ऑगस्ट उजाडल्यावर निघतो. उशिरा निघतो म्हणूनच तो महाग पडतो.

2025 च्या पावसाळ्यात वाळवा तालुक्यात माझ्या थोरल्या भावाच्या घरी हा हिशेब मी शेजारी बसून पाहिला. पुतणी एका वर्षाच्या मास्टर्ससाठी लीड्सला निघाली होती. तिच्या व्हिसाचे 524 पौंड आणि आरोग्य अधिभाराचे 1,164 पौंड, म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये भरून झाले होते. तेव्हा वहिनींनी विचारलं, "भावोजी, आम्ही दोघं तिला सोडून, खोली लावून देऊन आलो तर किती जातील?"

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मुलाच्या पालकासाठी वेगळा व्हिसा आहे, पण तो खासगी शाळेतल्या 4 ते 11 वर्षांच्या मुलांपुरता, आणि आईवडिलांपैकी एकालाच मिळतो. विद्यापीठातल्या मुलांचे आईवडील साध्या पर्यटक व्हिसावर जातात. सहा महिन्यांच्या या व्हिसाची फी 9 एप्रिल 2025 ला 115 पौंडांवरून 127 झाली. नवरा-बायकोचा अर्ज वेगळा, फीही वेगळी. दोघांचे तेव्हा 254 पौंड झाले, म्हणजे तीस हजारांच्या आसपास.

"दोन वर्षांचाच काढा, पदवीदानालाही उपयोगी पडेल," असं ओळखीच्या काहींनी सुचवलं होतं. त्याची फी तेव्हा माणशी 475 पौंड होती. आम्ही वहीत आकडे मांडले. आता एकदा आणि पदवीदानाला एकदा, असे सहा महिन्यांचे दोन व्हिसा काढले तरी माणशी 254 होत होते. तीन वेळा काढले तर 381. दोन वर्षांत चार फेऱ्या होणार असतील तरच मोठा व्हिसा परवडतो. शिवाय त्यावरही एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही.

अर्ज ऑनलाइन. महिन्याला मिळकत किती, घरखर्च किती, या प्रवासाला किती लागणार, ते कोण देणार, घरी मागे कोण आहे, असे प्रश्न एकामागून एक येतात. नोकरदार माणूस पगाराची पावती आणि आयकर विवरणपत्र जोडून मोकळा होतो. दादा ऊस उत्पादक. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून विवरणपत्र नाही. 'महिन्याची मिळकत' या चौकटीत काय लिहायचं? उसाचं बिल हप्त्याहप्त्याने येतं. आम्ही वर्षाची रक्कम बाराने भागून लिहिली आणि सोबतच्या पत्रात तसं स्पष्ट सांगितलं.

खरी काळजी बँकेच्या उताऱ्याची होती. खात्यावर अचानक मोठी रक्कम दिसली, की ती कुणाकडून तात्पुरती आणली का, अशी शंका अधिकाऱ्याला येते. उसाच्या बिलाचा हप्ता तर एका दिवशी एकरकमीच जमा होतो. म्हणून त्या नोंदीसमोर कारखान्याची बिलाची पावती लावली. शिल्लक फुगवून दाखवायला पैसे देणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. अर्जात फसवणूक सापडली तर दहा वर्षं दार बंद होतं.

परत येणार याचा पुरावा म्हणजे सातबारा. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघाला, पण तो मराठीत. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर लागतं. ते अचूक असल्याचं भाषांतरकाराने लिहून द्यायचं, तारीख, नाव, सही आणि संपर्कासह. म्हणून मोजकेच उतारे निवडले. जमिनीचं मूल्यांकन, सीएकडून संपत्तीचा दाखला असे हजारो रुपयांचे कागद एका व्हिसा एजंटच्या यादीत होते. नियमात ते बंधनकारक नाहीत, आम्ही घेतले नाहीत. क्षयरोगाची तपासणीही सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांनाच लागते. पुतणीला ती करावी लागली, तिच्या आईवडिलांना नाही.

पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. दादाच्या बोटांवरच्या रेषा शेतीकामाने झिजलेल्या. यंत्राला ठसे उमटेनात. तिथल्या मुलीने घाई न करता ओल्या टिश्यूने बोटं पुसून पुन्हापुन्हा घेतले. बाकी काम थोडक्यात आटोपलं. कागद घरूनच अपलोड केले होते, त्यामुळे स्कॅनिंगचे पैसे वाचले. वेगळी बसण्याची सोय, एसएमएस, कुरिअर या सेवा ज्याच्या त्याच्या इच्छेवर असतात. आम्ही फक्त कुरिअर घेतलं, कारण पासपोर्ट आणायला पुन्हा पुण्याची खेप परवडणारी नव्हती.

सगळ्यात महाग असते घाई. नेहमीच्या मार्गाने निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. 2025 मध्ये पाच कामाच्या दिवसांत हवा असेल तर माणशी आणखी 500 पौंड लागत, दुसऱ्या कामाच्या दिवशी हवा असेल तर 1,000. म्हणजे 127 पौंडांच्या व्हिसासाठी लवकर निर्णयाचे 500. दोघांचे मिळून लाखाच्या वर, आणि त्यातून व्हिसा मिळण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. नकार आला तर फी परत नाही, सहसा अपीलही नाही. नवा अर्ज, नवी फी. ठसे देण्याआधी अर्ज मागे घेतला तरच पैसे परत मिळतात.

एवढं करून एक खर्च उरतोच. पाहुण्यांना आरोग्य अधिभार नसतो, पण रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर सरकारी दराच्या दीडपट बिल येतं. प्रवास विमा सक्तीचा नसला तरी साठीच्या आसपासच्या माणसांनी तो घ्यावाच. इथे काटकसर करू नये.

मुलासोबत जाण्याची इच्छा ही चैन नाही. पण ती हिशेबात आधी धरा. प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो, त्या दिवसापासून सुरुवात करा. पैसे एकाच्याच प्रवासाचे असतील तर कुणी सोडायला जायचं आणि कुणी पदवीदानाला, हे घरात बसून ठरवा. फी वेळोवेळी बदलते, ती ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. आणि एजंटची यादी हातात आली, की प्रत्येक ओळीसमोर विचारा : हे नियमात कुठे आहे?