पाळण्यातले पाय

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण किती सहज वापरतो, नाही? आजी म्हणायची, आई म्हणायची, आता आपणही म्हणतो. पण मैत्रिणींनो, खरं सांगू? मला अलीकडे या म्हणीची जरा धास्तीच वाटते. कारण या म्हणीच्या भरवशावर मी एकदा एका पोरीचं नुकसान करून बसले होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीतली एक मुलगी नववीत होती. उंचीनं बरी म्हणून शाळेतल्या सरांनी तिला बास्केटबॉलच्या संघात घेतलं. १७ वर्षांखालील मुलींचा संघ. खेळायला लागून जेमतेम तीन महिने झालेले, आणि जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेसाठी संघ यवतमाळला निघाला. सोबत बाईमाणूस असावं म्हणून तिची आई निघाली आणि आईच्या सोबतीला मी. चार ठिकाणी माझं येणं-जाणं असतं, शाळा-दवाखान्यात ओळखी आहेत, त्यामुळे ‘ताईला सगळं समजते’ असा आमच्या गल्लीत एक समज आहे. तो समजच त्या दिवशी नडला.

बास्केटबॉलचा सामना मी तेव्हा पहिल्यांदाच नीट पाहिला. दोन्हीकडे पाच-पाच मुली, दहा-दहा मिनिटांचे चार भाग आणि क्षणाची उसंत नाही. आमची मुलगी आत गेली. आलेला पहिलाच पास हातातून सुटला. मग समोरच्या मुलीला धक्का लागला, फाऊल. पुन्हा एक फाऊल. पाचव्या मिनिटाला ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी! सरांनी बाहेर बोलावून घेतलं. शेवटी शेवटी पुन्हा दोन मिनिटं उतरवलं, तेव्हाही तेच. गुण शून्य.

परतताना एसटीत मुलगी खिडकीशी गप्प बसली होती. आईनं हळूच विचारलं, “ताई, तुमीच सांगा बाप्पा, पोरीत काही दम हाय का? पुढे हिचं या खेळात काही होईन का?”

आणि मी, आयुष्यात बास्केटबॉलचा एक सामना पाहिलेली बाई, मोठ्या अधिकारानं बोलून गेले, “अहो, हिचं खेळात काही खरं नाही. पुढच्या वर्षी दहावी आहे. अभ्यासाला लावा.”

खिडकीशी बसलेल्या पोरीला ते ऐकू गेलं असेल, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं मैदान सुटलं. दिवाळीच्या आधी हौसेनं घेतलेले बूट माळ्यावर गेले.

पुढे चार-पाच महिन्यांनी आमच्या महिला मंडळानं किशोरवयीन मुलींची रक्ततपासणी ठेवली. रांगेत तीही होती. तिचं हिमोग्लोबिन निघालं आठ पूर्णांक दोन! या वयाच्या मुलीचं ते किमान बारा असायला हवं. डॉक्टरबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि विचारलं, “जिने चढताना धाप लागते का गं?” ती काहीच बोलली नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. बायांनो, ती नजर मी अजून विसरले नाही. पोरीच्या अंगात रक्त नव्हतं आणि मी म्हणत होते, हिच्यात दम नाही!

त्या अपराधी भावनेतूनच मग मी या खेळाविषयी मिळेल ते वाचायला लागले. तेव्हा कळलं, की हा उतावळेपणा माझ्या एकटीचा नाही. मोठमोठे जाणतेही त्यात फसले आहेत.

चीनचा याओ मिंग २००२ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएत, गेला. साडेसात फूट उंचीचा हा बावीस वर्षांचा पोरगा त्या वर्षीच्या नवख्या खेळाडूंत पहिल्या क्रमांकानं निवडला गेला होता. पहिल्या सामन्यात त्याचे गुण किती? शून्य! आमच्या पोरीसारखेच. चार्ल्स बार्कली हा तिथला नामांकित माजी खेळाडू टीव्हीवर सामन्यांची चर्चा करायचा. हा नवखा या मोसमात एका तरी सामन्यात १९ गुण करील, हे त्याला पटेचना. त्यानं सहकाऱ्याशी जाहीर पैज लावली. नोव्हेंबर संपायच्या आतच याओनं लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध २० गुण केले. मग काय, स्टुडिओत गाढव आणलं गेलं आणि पैज हरलेल्या बार्कलीला सगळ्यांदेखत त्या गाढवाच्या मागच्या बाजूचा मुका घ्यावा लागला! पुढे २०१६ मध्ये याओ मिंगचं नाव अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मानाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेलं. बार्कलीनं निदान आपली चूक हसत-हसत फेडली. आपण मात्र घरातल्या पोरींबद्दल असे निकाल देतो आणि विसरून जातो.

घाईचा निकाल वाईटच असतो असंही नाही, कधी-कधी तो फार चांगला असतो. पण तोही भारीच पडतो. पंजाबातल्या बल्लोके या लहानशा गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, एनबीएच्या डल्लास संघानं ५२ व्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच खेळाडू. देशभर कौतुक झालं, त्याच्यावर माहितीपट निघाला, कोट्यवधी लोकांच्या आशा त्याच्या खांद्यावर ठेवल्या गेल्या. प्रत्यक्षात मुख्य स्पर्धेतला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुय्यम पातळीच्या संघातून तो खेळला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात गेला. यात त्याचं काय चुकलं? तो अजून शिकत होता, आपण मात्र हार घालून मोकळे झालो होतो.

म्हणजे ‘हिचं काही खरं नाही’ हे जितकं घाईचं, तितकंच ‘ही तर उद्याची स्टार’ हेही घाईचं.

आता आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या, खेळ क्रिकेटचा आहे एवढंच. यवतमाळ जिल्ह्यातला अक्षय कर्णेवार विदर्भाकडून खेळताना दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. मुळात तो उजव्या हातानं टाकायचा. तो चेंडू फेकतो मात्र डाव्या हातानं, हे प्रशिक्षकांनी पाहिलं आणि डाव्या हातानंही टाकून पाहायला सांगितलं. ‘हा उजव्या हाताचा साधा गोलंदाज’ असा शिक्का मारून कुणी मोकळं झालं असतं तर? ८ नोव्हेंबर २०२१ रोजी मणिपूरविरुद्धच्या वीस षटकांच्या सामन्यात त्यानं चार षटकं टाकली, चारही निर्धाव. एकही धाव न देता दोन बळी! तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. एकोणतीस! आपण तर मुलींचा निकाल पंधराव्या वर्षीच लावतो.

हो, मुलींचाच. मुलगा खेळत असेल तर घरात म्हणतात, ‘दोन वर्षं खेळू द्या, पाहू.’ मुलीला मात्र एकच सामना मिळतो. त्यात ती चुकली की दहावी, अंधार पडणं, परगावी जाणं आणि ‘उद्या सासरी काय चेंडू खेळणार?’ ही सगळी कारणं एका रांगेत उभी राहतात. खेळ हे निमित्त होतं, सुटका आपल्यालाच हवी असते.

सासरचं म्हणाल तर चेन्नईची अनिता पॉलदुराई आठवा. एकोणिसाव्या वर्षी ती भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली. लग्न झालं, आई झाली आणि पुन्हा मैदानात उतरली. २०१७ मध्ये बंगळुरूला महिलांच्या आशिया चषकाच्या ‘ब’ गटाचा अंतिम सामना झाला, तेव्हा कर्णधार तीच होती. भारतानं कझाकस्तानला ७५-७३ असं अवघ्या दोन गुणांनी हरवलं. २०२१ मध्ये तिला पद्मश्री जाहीर झाली. त्याच विजयी संघात आपल्या पुण्याची शिरीन लिमयेही होती. पुढे तीही भारताची कर्णधार झाली. शिरीनची आई नवनीता लिमये याही बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय खेळाडू. मला वाटतं, इथंच खरी मेख आहे. ज्या आईनं स्वतः खेळ खेळलाय, तिला ठाऊक असतं, की पहिल्या वर्षी पास सुटतात, फाऊल होतात, रडू येतं. आपल्याकडच्या आयांना ते ठाऊक नसतं. आणि शेजारच्या ताईलाही नसतं!

खरं तर शेतकऱ्याघरच्या आपण बाया. सोयाबीन दसरा-दिवाळीत घरात येतं, तूर त्याच पावसावर पेरलेली असते, पण ती यायला संक्रांत उजाडते. म्हणून दिवाळीत कुणी तूर उपटून टाकत नाही. लेकरांच्या बाबतीत मात्र आपला हा शहाणपणा कुठं जातो कोण जाणे.

मग करायचं तरी काय? माझ्या चुकीतून मी शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट, मुलगी लवकर दमत असेल तर आधी रक्त तपासा, मग दम मोजा. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या दर दहा मुलींमागे जवळजवळ सहा मुलींना रक्तक्षय आहे. शाळेत, अंगणवाडीत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ‘मळमळते’ म्हणून पोरी ती फेकून देतात. ती जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. हरभरा, मटकी, अंबाडीची-मेथीची भाजी ताटात असू द्या, वर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. रक्त फारच कमी निघालं तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट, सरांना ‘हिचं पुढे काही होईल का?’ असं विचारू नका. ‘या महिन्यात ती काय शिकली?’ असं विचारा. पहिल्याचं उत्तर कुणाकडेच नसतं, दुसऱ्याचं असतं. आणि निदान दोन मोसम तरी तिच्या पदरात पडू द्या.

तिसरी गोष्ट, पोटापाण्याची. खेळावर घर चालेल का, ही काळजी खोटी नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. पण त्यासाठी वरच्या पातळीची कामगिरी लागते, ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हेही मुलीला मोकळेपणानं सांगा. अभ्यास सुटता कामा नये. पण ‘नोकरी मिळणार नसेल तर खेळायचं कशाला’ हा हिशेब नववीतल्या पोरीशी मांडू नका.

आमच्या गल्लीतली मुलगी? तिचे औषधपाणी झाले, हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं. एके दिवशी तिच्या घरी जाऊन मी तिच्यासमोर आईला म्हटलं, “त्या दिवशी एसटीत मी चुकीचं बोलले. मला त्यातलं काही कळत नव्हतं.” आई हसली, पोरगी मात्र हसली नाही. ती उठली, माळ्यावरून बूट काढले आणि पायात घालून पाहिले. होईनात. दरम्यान पाय वाढला होता. नवे बूट मी घेऊन दिले, तेवढं तरी माझ्याकडून व्हायलाच हवं होतं.

अकरावीत ती १९ वर्षांखालील संघातून विभागीय स्पर्धेला अमरावतीला जाऊन आली. पहिल्याच सामन्यात संघ हरला. परत आल्यावर रात्री सांगायला आली, “काकू, हरलो. पण मी पूर्ण सामना खेळले, एकदाही बाहेर बसले नाही.”

मागे तिच्या आईनं पुन्हा विचारलं, “ताई, आता काय वाटते? पुढे जाईन का पोरगी?”

मी म्हटलं, “वहिनी, तिच्या सामन्याला जाऊ या. डबा मी आणते.”