घरातील खेळयंत्र आणि बिनतारी जोडणी

हरियाणातील मानेसर हे गाव दिल्ली-जयपूर महामार्गावर, अरवलीच्या डोंगररांगेलगत वसले आहे. मोटारींचे कारखाने आल्यावर तेथे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे त्यांत राहू लागली. अशा इमारतीतील एका मराठी घराची कल्पना करावी. मुलगा सायंकाळी गेम कन्सोल, म्हणजे घरगुती खेळयंत्र, सुरू करून पुण्याच्या मामेभावाशी मोटारींची शर्यत खेळतो. ऐन वळणावर चित्र क्षणभर थबकते आणि गाडी कठड्यावर आदळते. वडील अधिक पैसे भरून अधिक वेगाची इंटरनेट योजना घेतात. तरीही दोष जात नाही. असे का व्हावे?

येथे दोन कामे वेगळी केली पाहिजेत. नवा खेळ उतरवून घेणे हे पहिले काम. ५० गिगाबाइटचा खेळ सेकंदास १०० मेगाबिट या वेगाने उतरण्यास सुमारे ६७ मिनिटे लागतात. वेग दुप्पट केल्यास वेळ निम्मा होतो. प्रत्यक्ष खेळणे हे दुसरे काम. चित्र घरातील यंत्रच रेखाटते. बाहेर जातात ती केवळ गाडीची जागा, गती आणि दाबलेल्या कळा यांची लहान लहान टिपणे. त्यांना रुंद वाट नको असते. ती वेळेवर पोचावी लागतात.

पडद्यावर सेकंदास ६० चित्रे उमटत असतील, तर एका चित्राच्या वाट्यास सुमारे १७ मिलिसेकंद येतात. खेळाचे मध्यवर्ती यंत्र मुंबईत असल्यास मानेसरपासून त्याचे सरळ अंतर सुमारे १,१०० किलोमीटर भरते. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो; म्हणजे जाऊन येण्यास अवघे ११ मिलिसेकंद पुरतात. वळणाचा मार्ग आणि मधली यंत्रे यांमुळे हा काळ वाढतो, हे खरे. परंतु तो बहुधा स्थिर असतो आणि स्थिर विलंब खेळाच्या आज्ञावलीस सांभाळून घेता येतो. अस्थिर विलंब मात्र तिलाही आवरत नाही आणि तो पुष्कळदा अखेरच्या दहा पावलांत, राऊटर व खेळयंत्र यांच्यामध्ये, निर्माण होतो.

याचे कारण हवेतील गर्दी हे होय. एका वाहिनीवर एका वेळी एकाच यंत्राने बोलावयाचे, इतरांनी ऐकावयाचे, असा वाय-फायचा शिरस्ता आहे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द वाया जातात. पोच न मिळाल्यास यंत्र थोडे थांबते आणि तेच टिपण पुन्हा पाठविते. पुन्हा अपयश आल्यास थांबण्याची मुदत वाढत जाते. सायंकाळी सारी इमारत घरी परतली की या थांबण्यातच खेळाची कित्येक चित्रे निघून जातात.

वाय-फायसाठी प्रचलित पट्टे मुख्यतः दोन. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. त्याच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असून त्या भिंतींपलीकडे बऱ्यापैकी पोचतात. पण एकमेकींच्या आड न येणाऱ्या वाहिन्या त्यात जेमतेम तीन मिळतात. १, ६ आणि ११ या क्रमांकांच्या. शिवाय खेळाडूच्या हातातील अनेक बिनतारी नियंत्रके आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करतात. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. २०१८ मध्ये त्यातील एकंदर ६०५ मेगाहर्ट्झ इतका भाग परवानामुक्त झाला. येथे वाहिन्या पुष्कळ आणि वर्दळ कमी. उणीव एवढीच की, साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासच्या या लहरी भिंतीत लवकर क्षीण होतात. सळ्यांचे काँक्रीट आणि लोखंडी कपाट यांपुढे त्यांचे बळ फारच घटते.

म्हणून निवड अशी करावी. खेळयंत्र आणि राऊटर एकाच खोलीत, किंवा मध्ये एकच साधी भिंत असेल, तर ५ गिगाहर्ट्झ स्वीकारावा. मध्ये दोन-तीन भिंती असतील, तर प्रथम राऊटर कपाटामागून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवावा. तेवढ्यानेही भागले नाही, तर २.४ गिगाहर्ट्झवर समाधान मानावे व त्यातील कमी गर्दीची वाहिनी निवडावी. येथे खेळयंत्राची क्षमताही पाहावी लागते. २०१३ चे मूळ प्लेस्टेशन ४ केवळ २.४ गिगाहर्ट्झ जाणते. २०२० चे प्लेस्टेशन ५ दोन्ही पट्टे वापरते. मात्र तारेची खाच दोहोंसही आहे आणि तारेवर शेजाऱ्यांची गर्दी नसते.

नवा खर्च करण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. एका सायंकाळपुरती लांब तार आणून खेळयंत्र थेट राऊटरला जोडावे आणि नेहमीच्याच वेळी तोच खेळ खेळून पाहावा. दोष नाहीसा झाला, तर तो घरातील हवेत होता. अधिक दराची योजना त्यावर उपाय नव्हे. दोष तसाच राहिला, तर तो बहुधा घराबाहेरचा आहे; मग इंटरनेट कंपनीकडे तक्रार करणे रास्त ठरेल. चार भिंतींतील दोषासाठी दरमहा अधिक पैसे मोजण्याची पाळी अशा साध्या परीक्षेने टळू शकते.