जुनी मोटारसायकल मिसिंग का मारते?

कपड्याचे गठ्ठे बांधून बुलढाण्याहून मलकापूरच्या बाजाराला निघालेली गाडी राजूर घाटात गचके देऊ लागली, तर त्या दिवसाचा धंदा बुडतोच. मागून ट्रक असेल तर जिवावरही बेतते. मात्र गाडी रेस घेत नाही म्हणून लगेच कार्बोरेटर बदलणे हा इसराफ आहे. आधी दोष कोठे आहे ते पाहावे. नव्या गाड्यांत २०२० पासून इंजेक्शन आले. पुढील तपासणी कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांसाठी आहे.

गाडी काही अंतर चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा चालते? झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. ते मोकळे करण्यास पैसा लागत नाही.

इंजिन गरम असताना चोक थोडा ओढावा. गचके कमी झाले तर पेट्रोल कमी पोहोचते. कॉकची जाळी व जेट साफ करावे. गचके वाढले तर एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, ते पाहावे.

थंड इंजिनाचा प्लग काढावा. टोक तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरे फटक म्हणजे कमी. फक्त पावसात मिसिंग असेल तर प्लगची कॅप व वायर तपासावी.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते पाणी ओढते. म्हणून बरेच दिवस उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधील जुने पेट्रोल काढून टाकावे. त्या वेळी जवळ विडी-काडी नको.

एवढे पाहून मिस्त्रीकडे गेल्यास नेमके तेच काम सांगता येते व खर्च वाचतो.