शहापूर-मुरबाडच्या शाळा आणि महाजालावरील अध्यापन-साधने

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके मुंबईस जवळ असले, तरी शैक्षणिक साधनांपासून फार काळ दूरच राहिले. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१० नंतरच्या दशकात संगणकीय अध्यापनाचा प्रयोग करून उपकरणांची अडचण अलंघ्य नाही हे दाखविले. परंतु उपकरण आले तरी त्यावर काय दाखवावे, हा प्रश्न उरतोच. आणि विज्ञान व इतिहास या दोन विषयांत त्याचे उत्तर एकाच रीतीने मिळत नाही.

विज्ञानाचे नियम सर्वत्र सारखेच असल्याने त्याची साधने कोठलीही चालतात. तेथे पाहावयाचे ते एवढेच, की साधनाची भाषा मराठी आहे काय आणि ते एकदा उतरवून घेतल्यावर जोडणीवाचून चालते काय. कारण डोंगराकडील पाड्यांवर मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकीचे नोबेल-विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये आरंभिलेली ‘फेट’ ही प्रयोगसदृश दृश्ये या दोन्ही कसोट्यांस बऱ्याच अंशी उतरतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांना तर वर्गात पडदाही लागत नाही; कृती शिक्षकाने पाहून घेतली म्हणजे पुरे. द्रवाचा दाब शिकविताना दृश्याच्या जोडीस तानसा जलाशयाचे उदाहरण घ्यावे. १८९२ पासून त्याचे पाणी मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे मुलांना सांगावे लागत नाही.

इतिहासाचे तसे नाही. त्याला स्थळ लागते, आणि स्थळनामेच शोधकाला चकवितात. ‘माहुली’ एवढेच लिहून शोध घेतल्यास साताऱ्याजवळचे संगम माहुली पुढे येते. १६३६ मध्ये शहाजीराजांनी ज्याच्या आश्रयाने निजामशाहीचा अखेरचा लढा दिला तो शहापूरचा दुर्ग मागे राहतो. शहापूर हे नावही कर्नाटकात आढळते. म्हणून नावाबरोबर तालुका, जिल्हा वा शेजारचे गाव लिहावे. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरचे खंड महाजालावर उपलब्ध आहेत, पण ते इंग्रजीत असून त्यांतील स्थळनामे जुन्या वर्तनीची, अक्षरांवर स्वरचिन्हे दिलेली आहेत. आजच्या वर्तनीने ती सहसा सापडत नाहीत. शिवाय त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात साष्टी व आजचा पालघर जिल्हाही अंतर्भूत होता, तेव्हा त्यांतील आकडे आजच्या जिल्ह्यास लावता येत नाहीत. याहून गंभीर गोष्ट अशी, की कातकरी, ठाकूर आदी समाजांविषयीची त्यांतील वर्णने परक्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने लिहिलेली, काही ठिकाणी उघड अवमानकारक आहेत. त्याच समाजाची मुले समोर बसलेली असताना तो मजकूर जसाच्या तसा वाचून दाखविणे हे अध्यापन नव्हे. वरच्या वर्गात तो दाखवावयाचाच झाल्यास, कोणी, कोणासाठी व कशाकरिता लिहिला हा प्रश्न आधी उपस्थित केला पाहिजे.

दोन्ही विषय एकत्र येतात ते नाणेघाटात. मुरबाडहून माळशेजच्या वाटेवरील वैशाखरे गावाजवळून हा घाट चढावा लागतो. वरच्या लेण्यातील सातवाहन राज्ञी नागनिकेच्या ब्राह्मी लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे व नाणी यांच्या संख्या अंकांत कोरल्या आहेत. त्या पद्धतीत शून्य नाही. दहा, शंभर व हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. लेखाची छायाचित्रे व ब्राह्मी अंकांचे तक्ते महाजालावर मिळतात. हे अंक लिहून पाहणाऱ्या विद्यार्थ्यास दशमान स्थानमूल्याने नेमके काय सोपे केले ते फळ्यावरच कळते. मात्र तक्ता निवडताना तो कोणत्या शतकातील अंकांचा आहे हे पाहावे; अनेक तक्त्यांत निरनिराळ्या काळांची चिन्हे एकत्र मांडलेली असतात, आणि त्यांतील सर्वच नाणेघाटच्या भिंतीवर सापडत नाहीत.