एकात पारंगत की चारांत कामचलाऊ?

प्रिय विद्यार्थी, पालक व विश्वस्त मंडळी,



मागच्या उन्हाळ्यात आपल्या शाळेचा वॉटर कूलर बंद पडला. पहिल्या दिवशी आलेल्या मिस्त्रीने तपासून सांगितले, "गॅस ठीक आहे, बिघाड बिजलीचा आहे. ते माझे काम नाही." बिजलीवाला तिसऱ्या दिवशी आला. कॉम्प्रेसरचा रिले जळाला होता, तो दहा मिनिटांत बदलला. तोवर मुले घरून बाटल्या आणत होती.

सभेत एका विश्वस्तांनी विचारले, "एकाच माणसाला सगळे का शिकवत नाहीत?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर तीन गोष्टी पाहून द्यावे लागते : बिघाड किती वेळा होतो, जागा किती दूर आहे आणि कामात धोका किती आहे.

एअर कंडिशनरचेच घ्या. जाळी तुंबणे, पाणी गळणे, कपॅसिटर जाणे हे नेहमीचे बिघाड. ते प्रत्येक मिस्त्रीला यायलाच हवेत. गॅसचे काम मात्र वेगळे. आजच्या अनेक यंत्रांत आर-३२ किंवा आर-२९० हे वायू असतात आणि ते पेट घेऊ शकतात. नळीत वायू उरलेला असताना झाळकाम केले तर आग लागते. हे काम निवडक, नीट शिकलेल्या माणसांनीच करावे.

अंतराचेही तसेच. इंदूर शहरात दुसरा माणूस तासाभरात पोहोचतो. झाबुआ सुमारे १५० किलोमीटर दूर. तिथे परत फेरी म्हणजे एक दिवस गेलाच. तिथे चार कामे जाणणाराच पाठवावा.

पण सर्वांना सर्व शिकवणेही फुकट जाते. जे काम वर्षात एकदाच हाती येते, ते हात विसरतो. उलट एखादे काम एकालाच येत असेल, तर त्याच्या रजेत सारेच अडते. म्हणून प्रत्येक कामाला निदान दोन जाणकार हवेत.

दहावीनंतर आय.टी.आय.त जाणाऱ्या मुलांनो, इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशन, दोन वर्षांचा एक ट्रेड आधी पक्का करा. मग शेजारचे काम शिका. आपली हद्द ओळखून "हे माझे काम नाही" म्हणणारा तो मिस्त्री प्रामाणिकच होता. त्याला रिले तेवढा तपासता यायला हवा होता.

यंदा देखभालीचा करार करताना दर विचारूच, पण आधी विचारू : पहिल्याच फेरीत किती तक्रारी मिटतात?

आपला,
प्राचार्य