म्हातारपणाची भाकर आणि जमिनीचे कागद

जमीन ज्याच्या नांवावर त्याच्या शब्दाला घरांत मान, आणि नांव गेलें कीं मानहि जातो, हा अनुभव आम्हांस महसूल खात्यांतील कारकुनीच्या दिवसांत वारंवार आला. भाऊबंदकीचें मूळ नेहमींच वैरांत असतें असें नाहीं. पुष्कळदां तें वेळेवर न केलेल्या, किंवा न वाचतां केलेल्या, एखाद्या कागदांत असतें. म्हणून प्रत्येक जमीनधारकास ठाऊक असाव्यात अशा कांहीं गोष्टी येथें मांडण्याचें योजिलें आहे.

एका वृद्ध गृहस्थांनीं आपली स्वकष्टार्जित चार एकर बागाईत धाकट्या मुलास बक्षीसपत्रानें दिली. दस्तांत अट कोणतीच नव्हती. "पोटच्या पोराला अट कसली घालावयाची?" असें ते म्हणाले. दोन वर्षांनीं तेच गृहस्थ काठी टेकीत कचेरींत आले आणि फेरफार परत फिरवा म्हणून विनवूं लागले. पण फेरफार नोंदणीकृत दस्तावरून मंजूर झालेला. तो फिरविणें कचेरीच्या हातीं नव्हतें. बक्षीसपत्र एकदां पुरें झालें म्हणजे देणाऱ्याच्या मनांत आलें म्हणून तें रद्द होत नाहीं, हें त्यांस त्या दिवशीं प्रथम कळलें.

या अडचणीवर २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्यानें एक तोड काढिली आहे. त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणें, साठ वर्षें पुरी झालेल्या माणसानें हा कायदा लागू झाल्यानंतर "मला सांभाळावें" या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानें ती अट पाळली नाहीं, तर तो दस्त रद्द ठरवितां येतो. न्यायाधिकरणाचें काम प्रांताधिकारी पाहतात. मात्र अशी अट होती हें दाखविलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें. आणि अटीचा भंग झाल्यास न्यायाधिकरण ताबाहि परत देववूं शकतें, असें जानेवारी २०२५ मध्यें सांगितलें. तेव्हां द्यावयाचेंच असेल, तर अन्न, वस्त्र, औषधपाणी व राहतें घर यांची अट दस्तांतच स्पष्ट लिहावी. तिची लाज वाटण्याचें कारण नाहीं. याच कायद्यान्वयें निर्वाहास असमर्थ आईबापांस मुलांकडून महिना दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी मागतां येते.

आमच्या मतें याहून बरा मार्ग मृत्युपत्राचा. तें मरणानंतर अंमलांत येतें. तोंवर जमीन आपलीच राहते व शुद्धीवर असेतों तें केव्हांहि बदलतां येतें. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें त्यावर करणाराची सही अगर अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाहीं. पण करून ठेवणें शहाणपणाचें. साक्षीदार वयानें लहान व त्रयस्थ असावेत. ज्यास जमीन मिळावयाची त्यानेंच साक्ष घातली म्हणजे संशयास जागा होते. वय फार झालें असल्यास त्याच दिवशींचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. आणि एक ध्यानांत ठेवावें: मृत्युपत्र आपल्या हिश्श्यापुरतेंच चालतें, भावाचा वा मुलाचा हिस्सा त्यांत लिहून उपयोग नाहीं.

मुलींविषयीं समज अजून जुनाच आढळतो. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें बाप मृत्युपत्रावांचून वारला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतींत विधवा, मुलगे, मुली व आई असल्यास ती, यांचे हिस्से सारखे. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनींतहि मुलीस मुलासारखा जन्मतः हक्क आहे; त्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर पुऱ्या झालेल्या वांटण्या मात्र उकरल्या जात नाहींत. बहिणीनें खुशीनें हक्क सोडला तर हक्कसोडपत्र नोंदवावें. साध्या मुद्रांकावर घरीं घेतलेली सही पुढें टिकत नाहीं. वारसनोंदीच्या अर्जांत बहिणीचें नांव गाळणें तर शुद्ध लबाडी होय, आणि ती पुढच्या पिढीच्या गळ्यांत दावा बांधून जाते.

शेवटीं सातबाऱ्याविषयीं. वारसानें मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांचे आंत गांवच्या तलाठ्याकडे, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यावी लागते. सातबारावरील नोंद उलट सिद्ध होईतों खरी धरतात. पण नोंद म्हणजे मालकी नव्हे. पुष्कळ उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नांवापुढें "ए. कु. मॅ." अशीं अक्षरें आढळतात. तो एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक, एकटा मालक नव्हे. तीं अक्षरें उताऱ्यावरून गळाली आणि धाकट्या भावांचीं नांवें चढलीं नाहींत, म्हणजे तंटा उभा राहतो. जुने फेरफार काढून पाहावेत आणि थोरला हयात आहे तोंच सर्वांचीं नांवें लावून घ्यावींत.

आमची विनंति इतकीच कीं, या वर्षीं सुगी आटोपल्यावर एक दिवस उतारे, फेरफार व दस्त काढून मुलामुलींसमक्ष वाचावेत. वर सांगितलेल्या गृहस्थांचे अखेरचे दिवस लेकीच्या घरीं गेले. देतेवेळीं तिच्यासाठीं त्यांनीं एक गुंठाहि ठेविला नव्हता. आणि पुढें ठेवावयास त्यांच्या नांवावर कांहीं उरलेंहि नव्हतें.