पिस्तुलाचा जड चाप आणि कमी ताकदीचे हात

नेमबाजीत यश मिळवावयाचे तर मनगटात मोठे बळ हवे, असा समज सर्वत्र रूढ आहे. पिस्तूल हाती घेतलेल्या एखाद्या मुलीचा नेम सतत खाली किंवा बाजूला जाऊ लागला, की ‘हिच्या हातात ताकद नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तिला दुसऱ्या खेळाकडे वळविले जाते. वस्तुतः दोष पुष्कळदा हातात नसून हात आणि हत्यार यांच्या न जुळलेल्या नात्यात असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली इंडोनेशियातील आशियाई क्रीडा स्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. अशा यशाच्या मुळाशी केवळ बळ नव्हे, तर हाताला जुळणारे हत्यार आणि शिस्तबद्ध सराव असतो. या दृष्टीने पिस्तुलाच्या चापाचा, म्हणजेच ट्रिगरचा, विचार करणे उपयुक्त ठरेल.

चापाचे वजन म्हणजे काय?

पिस्तुलातील घोडा मागे ओढून ताणला, की एक लहानसा खटका त्याला अडवून धरतो. बोटाने चाप ओढला म्हणजे हा खटका सरकतो, घोडा सुटतो आणि बार उडतो. खटका सरकविण्यासाठी बोटाने जितका जोर लावावा लागतो, त्याला चापाचे वजन म्हणतात. स्प्रिंगचा ताण, दोन पृष्ठभागांमधील घर्षण आणि खटका घोड्यात किती खोल अडकला आहे, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते.

काही पिस्तुले व बहुतेक रिव्हॉल्व्हर यांत चाप ओढताच घोडाही त्याच ओढीने मागे खेचला जातो. अशा वेळी बोटाला घोड्याच्या स्प्रिंगचाही ताण सोसावा लागतो आणि चापाचे वजन चार ते पाच किलोग्रॅमपर्यंत जाऊ शकते. तोच घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला, तर चाप निम्म्याहूनही हलका होतो.

जड चापाने नेम का चुकतो?

सुमारे एक किलोग्रॅम वजनाचे पिस्तूल एका हाताने, हात लांब करून धरले आहे आणि चाप अडीच किलोग्रॅमचा आहे, अशी कल्पना करावी. बोटाचा जोर पिस्तुलाच्या वजनाच्या अडीचपट झाला. हा जोर बोटापुरता मर्यादित राहत नाही. तर्जनी आवळली की तिच्याबरोबर उरलेली बोटेही नकळत आवळली जातात, मूठ पिळली जाते आणि नळीचे टोक हलते. ज्याच्या हातात राखीव बळ भरपूर आहे, तो हा धक्का सावरून धरतो. लहान पंजाच्या, वयस्क किंवा सांधेदुखीने त्रस्त व्यक्तीच्या बाबतीत मात्र सारे बळ चाप ओढण्यातच खर्ची पडते.

हालचाल अल्प असली तरी तिचा परिणाम अल्प नसतो. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांत ३० सेंटिमीटरचे अंतर आहे, असे मानू. बार उडण्याच्या क्षणी माशी केवळ एक मिलिमीटर ढळली, तर १० मीटरवरील लक्ष्यावर छरा सुमारे ३३ मिलिमीटर दूर जाऊन पडेल. दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत दहा गुण देणाऱ्या वर्तुळाचा व्यास आहे अवघा ११.५ मिलिमीटर!

या संदर्भात अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाचे उदाहरण बोलके आहे. अनवधानाने गोळी सुटू नये म्हणून या दलाने पिस्तुलांना सुमारे १२ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोग्रॅमचा चाप स्वीकारला होता. त्याच जातीच्या पिस्तुलाचा नेहमीचा चाप साडेपाच पौंडांच्या, म्हणजे अडीच किलोग्रॅमच्या आसपास असतो. रँड या संशोधन संस्थेने २००८ साली दिलेल्या अहवालात हलक्या चापाचा प्रयोग करून पाहण्याची शिफारस केली. जड चाप एका धोक्यापासून वाचवितो खरा, परंतु नेम चुकण्याचा दुसरा धोका निर्माण करतो. चुकलेली गोळी कोठे तरी जाऊन लागतेच.

हलकेपणालाही मर्यादा हवी

मग चाप शक्य तितका हलका का करू नये? आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत याचे उत्तर सापडते. दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा आणि २५ मीटर प्रकारांतील पिस्तुलांचा किमान १००० ग्रॅमचा असावा, असे बंधन आहे. केवळ ५० मीटर पिस्तूल प्रकारात अशी किमान मर्यादा नाही. तपासणीच्या वेळी पिस्तुलाची नळी उभी धरून ठरावीक वजन चापावर टांगले जाते. ते वजन आधाराच्या पृष्ठभागावरून वर उचलले गेले आणि चाप सुटला नाही, तरच पिस्तूल नियमात बसते.

अतिशय हलका चाप बोटाचा स्पर्श होताच सुटतो. थंडीने बधिर झालेल्या, घाबरलेल्या किंवा नवशिक्या हाताला तो कधी सुटेल याचा अंदाज राहत नाही. स्पर्धेच्या मैदानावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जो चाप योग्य ठरतो, तोच स्वसंरक्षणासाठी बाळगलेल्या शस्त्रावर घातक ठरू शकतो. म्हणून ‘किती हलका’ या प्रश्नाचे उत्तर शस्त्राच्या उपयोगावर अवलंबून असते.

उपायांचा योग्य क्रम

कमी ताकदीच्या हातासाठी करावयाचे उपाय सोप्यापासून अवघडाकडे जाणारे असावेत.

पहिला उपाय मुठीचा. मूठ पंजापेक्षा मोठी असेल तर तर्जनी चापापर्यंत नीट पोहोचत नाही आणि तो सरळ मागे न जाता तिरपा ओढला जातो. स्पर्धेच्या पिस्तुलांना लाकडी मूठ असते व ती हाताच्या मापाची निवडता किंवा घडविता येते. बोटाच्या पहिल्या पेराची गादी चापावर सहज टेकली पाहिजे. बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत चाप पुढे-मागे सरकविण्याची सोय असते. एवढ्या बदलाने तोच चाप पूर्वीपेक्षा हलका वाटू लागतो.

दुसरा उपाय तरफेचा. चाप ही एक तरफच आहे. बोट तिच्या बिजागरीपासून जितके दूर, म्हणजे चापाच्या खालच्या टोकाकडे, तितका जोर कमी लागतो. विहिरीवरील रहाटाचा दांडा लांब असला की पाणी ओढणे सोपे जाते, त्यातलाच हा प्रकार.

तिसरा उपाय टप्प्यांचा. स्पर्धेच्या पिस्तुलांत चापाची ओढ दोन टप्प्यांत विभागलेली असते. ५०० ग्रॅमपैकी बराचसा भार पहिल्या टप्प्यात उचलून घेतला, की अखेरच्या क्षणी बोटाला थोडाच जोर वाढवावा लागतो. एकूण वजन नियमाप्रमाणे तेवढेच राहते, पण हाताला बसणारा धक्का कमी होतो. हा समतोल उत्पादकाने दिलेल्या स्क्रूंच्या साहाय्याने आणि त्याच्या सूचनेप्रमाणेच साधावा.

चौथा उपाय सरावाचा. रिकाम्या पिस्तुलाने, सुरक्षित दिशेला नळी धरून, माशी न हलविता चाप ओढण्याचा सराव रोज थोडा वेळ केल्यास तर्जनी इतर बोटांपासून स्वतंत्रपणे काम करण्यास शिकते. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री प्रत्येक वेळी प्रशिक्षकाने स्वतः करावी.

एवढे करूनही अडचण राहिली, तरच आतील भागांना हात लावण्याचा विचार करावा, आणि तोही परवानाधारक कुशल कारागिराकडूनच. घरी कानस घेऊन खटका घासण्याचा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. खटक्याचा कठीण केलेला थर बहुधा पातळ असतो. तो घासला गेला की आतील मऊ धातू झपाट्याने झिजतो, आणि पुढे पिस्तूल नुसते खाली पडले तरी बार उडण्याचा संभव असतो. घोड्याची स्प्रिंग कमकुवत केल्यास काडतूस पेटत नाही. चापाची स्प्रिंग कमकुवत केल्यास ओढलेला चाप परत जागेवर येत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

हात बदलला, जिद्द तीच

हंगेरीच्या सैन्यातील कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबाँबच्या स्फोटात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदके पटकाविली. भारताचे मनीष नरवाल यांच्या उजव्या हातात जन्मतः व्यंग आहे. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पिस्तूल प्रकारात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. हातातील उणीव ही खेळाडूच्या गुणवत्तेची सीमा नव्हे, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

शिक्षक आणि संस्थांची जबाबदारी

शाळा, क्रीडा मंडळे आणि ग्रामीण क्रीडा केंद्रे यांनी पिस्तुले खरेदी करताना केवळ किंमत न पाहता वेगवेगळ्या मापांच्या मुठी आणि जुळवून घेता येणारा चाप यांचा आग्रह धरावा. डावखुऱ्या मुलांसाठी एखादी डावी मूठ असावी. चापाचे वजन तपासण्याची साधी वजने प्रत्येक केंद्रावर ठेवावीत व नोंदवहीत वेळोवेळी नोंद करावी. आणि एखाद्या विद्यार्थ्याला ‘ताकद कमी’ असा शेरा देण्यापूर्वी त्याच्या हातातील पिस्तूल त्याच्या मापाचे आहे काय, हे शिक्षकांनी पाहावे. पायाला न बसणारा जोडा घालून कोणी धावू शकला नाही, तर दोष पायाचा मानला जात नाही. हाताच्या बाबतीतही हाच न्याय लावला गेला, तर आज मैदानाच्या कडेला बसविलेली अनेक मुले उद्या नेम धरून उभी राहतील.